'काही लागलं तर सांग' म्हणणाऱ्यांनी नक्की काय उचलावं? (डिमेन्शिया आणि सांभाळणाऱ्यांवरचा ताण)

ओवी

आईला अल्झायमर आहे, म्हणजे डिमेन्शियाचाच (स्मृतिभ्रंशाचा) एक प्रकार. निदान होऊन बरीच वर्षं झाली. धागा तिच्या आजाराबद्दल नाही, तिला सांभाळणाऱ्या माणसाबद्दल आहे. इथे असे बरेच जण आहेत हे इतर धाग्यांवरून माहीत आहे, म्हणून लिहितेय.

सांभाळणाऱ्याचा ताण म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे अंगमेहनत येते. आंघोळ घालणं, कपडे बदलणं, अंथरूण धुणं, भरवणं. ती आहेच, माझी कंबर त्यानेच गेलीय. पण ती कामं संपतात. आंघोळ झाली की झाली. संपत नाही ते सतत कान टवकारून असणं. मी दुसऱ्या खोलीत असले तरी अर्धं लक्ष नळाच्या आवाजाकडे, दाराच्या कडीकडे, गॅसच्या बटणाकडे असतं. रात्री ती कुशीवर वळली तरी मला जाग येते.

आणि दुसरं न संपणारं काम म्हणजे ठरवणं. तिची दाढ दुखत असावी असं वाटतं, पण तिला सांगता येत नाही. दातांच्या डॉक्टरकडे न्यायचं का? भूल झेपेल का? तिथे बिथरली तर? घास तोंडात धरून बसते, तो गिळता येत नाही म्हणून की गिळायचं असतं हेच विसरते म्हणून? झोपेचं औषध सुरू करायचं की नाही? हे सगळं एकटीने ठरवायचं, आणि पुढे काही बिनसलं तर 'आम्हाला आधी का नाही सांगितलंस' हेही ऐकायचं.

संध्याकाळचं सांगते, म्हणजे ज्यांनी हे पाहिलेलं नाही त्यांना कल्पना येईल. ऊन उतरायला लागलं की आईची चलबिचल सुरू होते. अल्झायमरमध्ये हे बऱ्याच जणांना होतं, डॉक्टर त्याला सनडाउनिंग म्हणतात. दिवसभराचा थकवा, मंदावणारा उजेड आणि मेंदूतलं बिघडलेलं दिवस-रात्रीचं चक्र, असं सगळं त्यामागे असतं. ती कपाटातले कपडे काढून पलंगावर पसरते, एकेकाची घडी घालते, गाठोडं बांधते, काखेत घेते आणि दाराशी जाऊन उभी राहते. "मला घरी जायचंय. आई वाट बघत असेल." 'अगं, हेच तुझं घर' म्हटलं तर चिडते, कारण त्या वेळी मी तिच्या लेखी तिला अडवणारी कोणी परकी बाई असते. म्हणून मीही तेव्हा तिला 'आई' अशी हाक मारत नाही. म्हणते, "हो, निघू या. तुमच्या घरी अंगण होतं का हो?" मग ती अंगणाबद्दल सांगत बसते. गाठोडं सुटतं. थोड्या वेळाने पुन्हा घड्या सुरू. पुरता अंधार पडून दिवे लागेपर्यंत असंच चालतं. यात जड काही उचलावं लागत नाही, पण ती झोपेपर्यंत माझ्या अंगात त्राण उरलेलं नसतं.

नेमका तेव्हा कोणाचा तरी फोन येतो. "काही लागलं तर सांग हं." ते मनापासून म्हणतात, त्यात मला शंका नाही. पण काय लागतंय हे आधी मी शोधायचं, कोणाला जमेल याचा विचार मी करायचा, मागायचं मी, समजावून सांगायचं मी, आणि झालं की नाही हे लक्षातही मीच ठेवायचं. एक काम कमी व्हायच्या ऐवजी एक वाढतं. म्हणून मी मागणंच सोडून दिलं.

जागतिक आरोग्य संघटनेच्या म्हणण्यानुसार डिमेन्शिया असलेल्या माणसाच्या काळजीत आणि देखरेखीत घरची मंडळी सरासरी रोजचे ५ तास घालवतात, आणि अशा एकूण तासांपैकी ७० टक्के तास बायकांचे असतात. पाच तास हा आकडा वाचून मी बराच वेळ विचार करत होते. रात्री एक डोळा उघडा ठेवून झोपणं कोणत्या तासांत धरायचं?

माझं आता ठाम मत झालंय की नातेवाईकांनी एखादी अख्खी गोष्ट स्वतःकडे घ्यावी. अशी, की ती माझ्या डोक्यातून पुसली जाईल. तुमच्यापैकी कोणाला अशी मदत मिळाली आहे का? कोणी, नक्की काय उचललं? आणि त्याने खरंच हलकं वाटलं का?

रानवारा

अगदी मनातलं लिहिलंत.

माझ्या नवऱ्याला फ्रंटोटेम्पोरल डिमेन्शिया आहे. हा प्रकार बहुधा ४५ ते ६५ या वयात उघड होतो आणि सुरुवातीला स्मरणशक्ती बऱ्यापैकी शाबूत असते. त्यामुळे हा आजार आहे हे मानायलाच कोणी तयार नव्हतं. बदलला तो स्वभाव. चारचौघांत काहीही बोलणं, दुसऱ्याच्या ताटातलं उचलून खाणं, मी समोर रडत असले तरी चेहऱ्यावर काही न उमटणं. आमच्याकडचे मित्र आधी तुटले, नातेवाईक त्यानंतर. 'काही लागलं तर सांग' म्हणणारंही कोणी राहिलं नाही.

राहिला तो त्याचा एक जुना सहकारी. दर रविवारी सकाळी येतो आणि याला चालायला घेऊन जातो. येऊ का, किती वाजता येऊ, कुठे नेऊ, काही विचारत नाही. याचे बूट कुठे असतात, वाटेत कुत्रं दिसलं की हा थांबतो, स्वच्छतागृह कुठे आहे, सगळं त्याला ठाऊक झालंय. निघताना मला एवढंच सांगतो, "दोन तास आम्ही घरात नाही." पाऊस असला तर गाडीत बसवून चक्कर मारून आणतो. त्या दोन तासांत मी बहुतेक वेळा फक्त झोपते. पण रविवार सकाळचा विचार मला करावा लागत नाही, हे शनिवारी रात्रीपासूनच जाणवतं.

परिघ

मी दुसऱ्या देशात राहून फोनवर 'काही लागलं तर सांग' म्हणणाऱ्यांपैकी आहे. बाबा बहिणीकडे असतात.

आमच्या बाजूनेही थोडं लिहितो. फोनवर मला दहा मिनिटांचे बाबा भेटतात. त्या दहा मिनिटांत ते नीट बोलतात, माझ्या नोकरीची चौकशी करतात, हसतात. फोन बहिणीच्या हातात गेला की ती सांगते, रात्रभर जागे होते, दोनदा दार उघडून बाहेर पडले. या दोन गोष्टींचा मला मेळ घालता येत नाही. काही सुचवलं की "येऊन चार दिवस राहून बघ" असं उत्तर येतं. पैसे पाठवतो, तर तेही तिला लागतं की काय असं वाटत राहतं. विचारायचं नाही आणि सुचवायचंही नाही, तर लांबच्याने करायचं काय? वाद घालायला आलेलो नाही, खरोखर विचारतोय.

ओवी

परिघ, तुम्ही लिहिलंत हे फार बरं झालं.

आधी त्या दहा मिनिटांबद्दल. पाहुणा आला, फोन आला, डॉक्टरांसमोर बसवलं की अनेक रुग्ण थोडा वेळ स्वतःला सावरून धरतात. वर्षानुवर्षं अंगवळणी पडलेलं शिष्टाचाराचं बोलणं आजारात बराच काळ टिकतं. तुम्हाला दिसणारे बाबा खरे आहेत आणि रात्री दार उघडणारेही खरे आहेत. बहिणीला एकदा एवढंच सांगा, की फोनवर ते ठीक वाटतात म्हणून मी तुझ्या बोलण्यावर शंका घेत नाही. माझ्या भावाने मला हे सांगितलं असतं तर आमच्यातलं निम्मं भांडण झालंच नसतं.

आता काम. लांबून जमणाऱ्या किती तरी गोष्टी आहेत. औषधं घ्या. म्हणजे कोणतं औषध कधी संपतं याचा हिशेब तुमच्याकडे, मागवायचं तुम्ही, घरपोच झालं का ते पाहायचं तुम्ही, डॉक्टरांनी बदल केला की यादी तुम्ही बदलायची. बहिणीच्या हातात फक्त आठवड्याची भरलेली डबी यायला हवी, आणि ती भरायला जवळपास कोणी शोधायचं तर तेही तुम्हीच शोधा. किंवा सगळी कागदपत्रं घ्या: विमा, बँक, बिलं, रिपोर्ट तारखेप्रमाणे लावून ठेवणं, पुढची भेट ठरवणं, भेटीच्या आदल्या दिवशी डॉक्टरांना विचारायचे प्रश्न लिहून पाठवणं. बाबांच्या सहीचे व्यवहार पुढे कोण करणार, याची कायदेशीर तजवीज त्यांना समजतंय तोवरच करावी लागते. ते पण तुमच्याच अंगावर घ्या, कारण घरात राहणाऱ्याने हा विषय काढला की त्याच्या हेतूवर संशय घेतला जातो.

आणि संध्याकाळचा व्हिडिओ कॉल. 'वेळ मिळेल तेव्हा' असा नको. त्यांची घालमेल ज्या वेळी सुरू होते त्याच वेळी, रोज. गप्पाच व्हायला हव्यात असं नाही, जुने फोटो दाखवा, गाणं लावा. तेवढ्यात बहीण आंघोळ करून येईल.

मनोमन

मी मनोविकारतज्ज्ञ आहे, स्मृती-क्लिनिकमध्ये काम करतो. ओवींनी जे अनुभवातून लिहिलंय त्याला संशोधनाचा आधार बऱ्यापैकी आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

हा ताण मोजता येतो. स्टीव्हन झारिट आणि सहकाऱ्यांनी १९८० मध्ये त्यासाठी एक प्रश्नावली केली, तिची २२ प्रश्नांची आवृत्ती आज जगभर वापरतात. प्रत्येक प्रश्नाला ० ते ४ गुण. मी ती मुद्दाम रुग्णाला बाहेर बसवून, सांभाळणाऱ्याला एकट्याला भरायला देतो. रुग्णासमोर कोणी खरं लिहीत नाही.

ताण शरीरात कुठवर पोचतो याचं एक उदाहरण देतो. १९९५ मध्ये अमेरिकेत जॅनिस किकोल्ट-ग्लेझर यांच्या गटाने डिमेन्शियाच्या नातेवाइकाला सांभाळणाऱ्या १३ स्त्रिया आणि तशाच वयाच्या, ही जबाबदारी नसलेल्या १३ स्त्रिया घेतल्या. सगळ्यांच्या हातावर सारख्या आकाराची छोटीशी जखम केली आणि ती भरून यायला किती दिवस लागतात ते पाहिलं. सांभाळणाऱ्यांना सरासरी ४८.७ दिवस लागले, इतरांना ३९.३. अभ्यास छोटा आहे, पण मी क्लिनिकमध्ये हा सांगितला की 'मला काही होत नाही हो, तुम्ही यांच्याकडे बघा' म्हणणारी माणसं पहिल्यांदा खुर्चीत मागे टेकून बसतात.

१९९९ मध्ये शुल्झ आणि बीच यांचा अभ्यास आला. आजारी किंवा परावलंबी जोडीदाराला सांभाळणाऱ्या वृद्धांमध्ये, ज्यांना त्याचा ताण जाणवत होता त्यांच्यात चार वर्षांतलं मृत्यूचं प्रमाण ६३ टक्के जास्त निघालं. जे सांभाळत होते पण ताण जाणवत नाही म्हणत होते, त्यांच्यात असा लक्षणीय फरक नव्हता. हे दुसरं वाक्य मला पहिल्यापेक्षा महत्त्वाचं वाटतं. सांभाळण्याने माणूस खचतोच असं नाही. तो कशाने खचतो हे पाहायला हवं.

आता ओवींच्या मूळ प्रश्नाकडे. न्यूयॉर्क विद्यापीठात मेरी मिटलमन यांनी १९८७ पासून ४०६ जणांवर एक प्रयोग केला. हे सगळे अल्झायमर झालेल्या जोडीदाराला घरी सांभाळणारे. त्यांतल्या निम्म्यांना दोन सत्रं एकट्याने समुपदेशन आणि चार सत्रं कुटुंबासोबत अशी मदत दिली. कुटुंब म्हणजे भाऊ, बहीण, मुलं, ज्यांना सांभाळणारा बोलवेल ते. त्यानंतर आधारगट, आणि अडचण येईल तेव्हा फोनवर सल्ला. या लोकांना रुग्णाला शुश्रूषागृहात हलवण्याची वेळ इतरांपेक्षा सुमारे ५५७ दिवस उशिरा आली, आणि त्यांच्यातलं नैराश्यही कमी राहिलं. सहापैकी चार सत्रं नातेवाइकांसोबत होती, हे लक्षात घ्या. एकट्या सांभाळणाऱ्याला 'स्वतःसाठी वेळ काढा' सांगून भागत नाही. वेळ काढायचा तर तेवढा वेळ कोणीतरी तिथे उभं राहावं लागतं.

म्हणून माझा आग्रह असतो की निदानानंतर सगळ्या भावंडांना एकदा डॉक्टरांसमोर बसवा, लांबचे असतील त्यांना व्हिडिओवर घ्या. आजार काय आहे, पुढे काय होईल, आणि कोण काय करणार, हे तिथे बोला. सांभाळणाऱ्याच्या तोंडून जी तक्रार वाटते तीच गोष्ट डॉक्टरांच्या तोंडून माहिती ठरते.

सायली_म

मनोमन सर, फार उपयोगी प्रतिसाद. माझा प्रश्न वेगळा आहे. सासूबाई माझ्यावर चोरीचा आळ घेतात. पैसे, बांगड्या, चष्मा, किल्ली, काहीही. स्वतःच कुठेतरी लपवतात आणि मग 'हिनेच नेलं' म्हणून नणंदेला फोन. नणंदेला माहीत आहे की त्यांना आजार आहे. तरी मागच्या वेळी आली तेव्हा माझ्या कपाटाकडे बघत होती. दिवसभराच्या कामाने मी कधी रडले नाही, त्या नजरेने रडले.

रानवारा

सायली, कळतंय. एकदा त्या आळ घेत असताना व्हिडिओ काढा आणि नणंदेला पाठवून द्या. माझ्या दिराचा विश्वास असाच बसला.

पैलतीर

व्हिडिओला माझा विरोध आहे. त्या बाईंना शुद्ध असती तर आपलं असं रूप कोणाला दिसलेलं त्यांना चाललं असतं का? एकदा नणंदेकडे गेला की तो कुठल्या कुठल्या ग्रुपवर फिरेल यावर आपला ताबा नाही. आमच्या घरात असं झालंय, माझ्या वडिलांचा तसा व्हिडिओ त्यांच्या नातवंडांनीही पाहिला.

मनोमन

पैलतीर यांच्याशी सहमत. व्हिडिओ डॉक्टरांना दाखवण्यासाठी मात्र जरूर काढा, आम्हाला त्याचा खूप उपयोग होतो, कारण क्लिनिकमध्ये रुग्ण शांत बसलेला असतो. दाखवून झाला की पुसून टाका.

सायली, आळ ज्याच्यावर येतो तो बहुतेक वेळा सगळ्यात जास्त सांभाळणारा असतो, कारण दिवसभर समोर तोच असतो. वस्तू ठेवल्याची आठवण मेंदूत उमटतच नाही. म्हणजे त्यांच्या दृष्टीने ती वस्तू खरोखरच कोणीतरी नेलेली असते. 'मी नाही घेतलं' याचा उपयोग शून्य. 'हरवलं का? चला, दोघी मिळून शोधू' म्हणा आणि सापडलं तर ते त्यांनाच सापडू द्या. चष्म्याची, किल्लीची जोडी जास्तीची करून ठेवा. त्यांच्या लपवायच्या जागा ठरलेल्या असतात, त्या हळूहळू कळतात. आणि नणंदेला पुढच्या भेटीला सोबत घेऊन या, आळ घेणं हे आजाराचं लक्षण आहे हे मी सांगेन. माझ्याकडे नाही, तर तुमचे जे कोणी डॉक्टर असतील त्यांच्याकडे.

अजून एक, सगळ्यांसाठीच. वागण्यातला बदल दोन-तीन दिवसांत अचानक झाला, माणूस एकदम जास्त गोंधळला, भास व्हायला लागले किंवा गुंगीत गेला, तर 'आजार वाढला' असं समजून बसू नका. लघवीचा किंवा छातीचा जंतुसंसर्ग, बद्धकोष्ठता, शरीरातलं पाणी कमी होणं, नवीन औषध, कुठेतरी दुखणं, यांपैकी काही असू शकतं. लगेच दाखवा. आणि शांत करणारी मनोविकाराची औषधं कोणी सहज सुरू करून दिली तर 'किती दिवस, आणि बंद कधी करायचं' हे त्याच वेळी विचारा. डिमेन्शियाच्या वृद्धांमध्ये या औषधांनी मृत्यूचा धोका वाढतो, अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००५ मध्ये तसा ठळक इशारा छापायला लावला. कधी कधी ती लागतात, पण तेव्हाही कमीत कमी मात्रा, कमीत कमी काळ. लुई बॉडी प्रकारच्या डिमेन्शियात तर विशेष जपावं लागतं.

सोबती

मी घरोघरी जाऊन अशा पेशंटना सांभाळते. पगार घेऊन काम करते, तरी ताण मलाही येतो. पण मी संध्याकाळी माझ्या घरी जाते, घरच्यांना जाता येत नाही, एवढा फरक आहे.

ओवीताई म्हणतात ते आमच्या बाबतीतही होतं. लोक बाई ठेवतात, आणि मग दिवसभर मला सूचना देत माझ्या मागे उभे राहतात. त्यांची सुटका होत नाही आणि माझ्यावर आजींचा विश्वास बसत नाही. त्याऐवजी पहिले काही दिवस माझ्यासोबत राहा, मग खरंच घराबाहेर जा. जाताना मला लिहून द्या: त्या कोणत्या नावाने हाक मारली की ओ देतात, आधी काय काम करायच्या, कोणाचं नाव काढलं की चिडतात, कोणाचं काढलं की खुलतात. कोण वारलंय ते पण लिहा. एका आजोबांना मी त्यांच्या पत्नीबद्दल विचारलं, त्या जाऊन वर्ष झालेलं, आणि त्यांनी ती बातमी पहिल्यांदाच ऐकल्यासारखा आकांत केला.

आंघोळीला बऱ्याच घरांत मारामारी होते, म्हणून माझी पद्धत सांगते. 'आंघोळ' म्हणायचंच नाही. आधी न्हाणीघर गरम करून ठेवायचं, पाणी हाताने बघायचं. त्यांच्या हातात एक ओला रुमाल द्यायचा, म्हणजे त्या कामाला लागतात. खांद्यावर मोठा टॉवेल तसाच राहू द्यायचा, उघडं पडू द्यायचं नाही. पाणी पायांवर पहिलं, मग हात, मग पाठ, टॉवेलच्या आतून. डोक्यावर एकदम पाणी ओतलं की त्या घाबरतात आणि घाबरल्या की मारतात. केस वेगळ्या दिवशी. आणि नाहीच म्हणाल्या तर सोडून द्यायचं, अर्ध्या तासाने पुन्हा. रोज आंघोळ झालीच पाहिजे हा हट्ट घरच्यांनी सोडला की निम्मी भांडणं मिटतात.

ओवी

सोबती, तुमचा प्रतिसाद मी लिहून कपाटाच्या आतल्या बाजूला लावलाय. टॉवेलचं आजच करून बघितलं, आई रुमालाने स्वतःचे गुडघे पुसत बसली होती. ओरडली नाही.

पैलतीर

मी थोडं पुढच्या टप्प्याचं लिहितो, कारण त्याबद्दल कोणी बोलत नाही.

वडिलांना शेवटची काही वर्षं काळजीगृहात ठेवलं. तोपर्यंत माझी स्वतःची दोन ऑपरेशनं झाली होती आणि बायकोची झोप पूर्ण उडाली होती. 'बापाला टाकलं' हे शब्द मी नातेवाइकांच्या तोंडून ऐकले आहेत, तेही अशांकडून जे वर्षभरात एकदाही त्यांच्याजवळ रात्री झोपले नव्हते. ज्यांच्यावर ही वेळ आलीय त्यांना सांगतो: त्यांना तिथे ठेवल्यावर मी पुन्हा त्यांचा मुलगा झालो. त्याआधी मी पहारेकरी होतो. रोज संध्याकाळी जायचो, नखं कापायचो, हात हातात घेऊन बसायचो, आणि मला घाई नसायची.

जागा निवडताना भिंती आणि बाग बघू नका. रात्री किती रुग्णांमागे किती कर्मचारी असतात ते विचारा. रुग्णांना बांधतात का ते सरळ विचारा. न सांगता, जेवणाच्या वेळी एकदा जाऊन या. कर्मचारी रुग्णाशी बोलताना त्याच्या डोळ्यांकडे बघतात का ते बघा. आम्ही पाहिलेल्या एका ठिकाणी सगळ्यांना दुपारपासूनच अंथरुणात ठेवलेलं होतं, तिथून आम्ही परत आलो.

आणि एक. ते गेले तेव्हा मला आधी हायसं वाटलं, रडू नंतर आलं. हे कोणाला सांगायची मला लाज वाटत होती. मग एका आधारगटात बोललो, तेव्हा समोरच्या बऱ्याच माना हलल्या.

मनोमन

पैलतीर, धन्यवाद. अमेरिकेतल्या कुटुंबतज्ज्ञ पॉलीन बॉस यांनी १९७० च्या दशकापासून अशा दुःखाचा अभ्यास केला आहे, जिथे माणूस शरीराने समोर आहे पण मनाने हळूहळू निघून जातोय. त्यात शोक सुरू तर होतो, पण त्याला समाजात जागा नसते. सांत्वनाला कोणी येत नाही, कारण माणूस जिवंत आहे. घरच्यांचा शोक अनेकदा वर्षानुवर्षं आधीच चालू असतो, म्हणून शेवटी सुटल्यासारखं वाटणं अगदी स्वाभाविक आहे.

मात्र हे शोकापलीकडे कधी जातं तेही ओळखा. दोन आठवड्यांहून जास्त काळ कशातच मन लागत नाही, रुग्ण झोपला असतानाही झोप येत नाही, हात उगारला जाईल अशी भीती वाटते, किंवा 'आम्ही दोघंही नसलेले बरे' असा विचार येतो, तर त्याच दिवशी कोणाला तरी सांगा आणि डॉक्टरकडे जा. शेवटचा विचार आला तर वाट बघायचीच नाही. हे उपचाराने बरं होणारं आहे. लंडनमध्ये गिल लिव्हिंग्स्टन यांच्या गटाने सांभाळणाऱ्यांसाठी आठ सत्रांचा एक कार्यक्रम बसवला, तो मानसशास्त्राच्या प्रशिक्षित पदवीधरांनीच घेतला. त्याने नैराश्य आणि चिंता कमी झाली आणि सहा वर्षांनंतरही तो फरक टिकून होता.

सायली_म

नणंद पुढच्या भेटीला येतेय. मी काही समजावलं नाही, फक्त तारीख आणि वेळ कळवली, आणि डॉक्टरांनी बोलावलंय म्हटलं.

परिघ

धागा वर काढतोय. बहिणीशी बोललो. औषधं आणि कागदपत्रं आता माझ्याकडे आहेत. सुरुवातीला ती म्हणाली, "राहू दे, मला सगळं पाठ आहे." मी म्हटलं, तेच तर तुझ्या डोक्यातून काढायचंय. संध्याकाळचा कॉल सुरू केलाय. बाबांना मी कधी मुलगा वाटतो, कधी त्यांचा धाकटा भाऊ. भाऊ झालो की ते जास्त खुलतात, म्हणून मी दुरुस्त करत नाही.

पुढच्या महिन्यात सुट्टी काढून येतोय. बहिणीने तो पूर्ण आठवडा घराबाहेर राहावं अशी माझी इच्छा आहे. ती म्हणते तुला एकट्याला जमणार नाही. ओवी, सोबती, कशी तयारी करू?

ओवी

पहिले दोन दिवस ती घरात असू द्या, पण सगळं तुम्ही करायचं आणि तिने फक्त बघायचं. त्या दोन दिवसांत रात्रीची पाळीही तुमचीच. तिला दुसऱ्या खोलीत, दार लावून झोपू द्या. मग तिने जायचं. जाण्याआधी सोबतींनी सांगितलेली यादी तिच्याकडून भरून घ्या आणि डॉक्टरांचा नंबर, औषधांची यादी, दाराच्या जास्तीच्या किल्ल्या, बाबांचा अलीकडचा फोटो एका जागी ठेवा. फोटो अशासाठी की ते बाहेर पडले तर शोधताना दाखवता येतो. त्यांच्या खिशात नाव आणि तुमचा नंबर लिहिलेली चिठ्ठी असू द्या.

ती गेल्यावर तिला फोन करून 'अमुक कुठे आहे' विचारू नका. नाही सापडलं तर त्याशिवाय भागवा. कपडे उलटे घातले गेले, जेवायला उशीर झाला, एक आंघोळ बुडाली तर काही बिघडत नाही. तिला रोज रात्री एकच निरोप पाठवा, की बाबा ठीक आहेत. बाकी काही कळवायचं असेल तर मनोमननी सांगितलेली अचानक बदलाची लक्षणं दिसली तरच, आणि तेव्हाही आधी डॉक्टरांना फोन, मग तिला.

सोबती

रात्री त्यांच्या खोलीत मंद दिवा आणि स्वच्छतागृहाचं दार उघडं ठेवा, ते दिसलं की बरेचसे उठून तिकडेच जातात आणि परत येऊन झोपतात. तुमची चप्पल दाराजवळ ठेवू नका, ती दिसली की त्यांना बाहेर जायची आठवण होते.

परिघ

चपलेचं लक्षातच आलं नसतं. यादी बहिणीला पाठवलीय, तिने पहिलाच रकाना भरलाय: 'मास्तर' म्हटलं की ओ देतात.